पेठेतला वाडा, हेरिटेज समिती आणि चुन्याची घमेली

हेरिटेज यादीत नाव असलेल्या घराला नुसता रंग द्यायचा झाला तरी परवानगी लागते, ही गोष्ट आमच्या पेठेत अजून बऱ्याच जणांच्या गळी उतरत नाही. "घर आमचं, पैसे आमचे, मग विचारायचं कुणाला?" असा सवाल येतो. नियमात मात्र स्पष्ट आहे. भर घालणं, पाडणं, फेरफार, दुरुस्ती, रंगकाम, घराचा एखादा खास भाग बदलणं, यातलं काहीही महापालिका आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही, आणि आयुक्त ती परवानगी हेरिटेज समितीचा सल्ला घेऊन देतात.

मी या वाड्यात सून म्हणून आले. नोकरी सगळी हिशेबतपासणीत गेली. निवृत्तीनंतर नारायण पेठेतल्या आमच्या दोनचौकी वाड्याची दुरुस्ती माझ्याकडे आली, कारण घरात फायली नीट लावणारी मी एकटीच. आता ओळखीतलं कुणी ना कुणी विचारायला येतं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. समितीसाठी जे नकाशे आणि जे टिपण करावं लागतं, तेच तुमच्या मिस्त्रीचेही कागद असतात. ते कमिटीपुरते, वरवर केलेत की परवानगीही रखडते आणि काम सुरू झाल्यावर रोज नवा गोंधळ होतो.

ग्रेड कोणती, आणि जवळपास स्मारक आहे का

महाराष्ट्रात हे नियम आधी मुंबईत आले, १९९५ साली. ग्रेड एक, दोन, तीन ही विभागणी तेव्हापासूनची. पुण्याची यादी महापालिकेच्या हेरिटेज विभागात बघायला मिळते. तिथे आपल्या घराचं नाव, पत्ता आणि ग्रेड स्वतःच्या डोळ्यांनी बघा. "आमचा वाडा हेरिटेजमध्ये आहे म्हणे" यावर काहीही ठरवू नका.

ग्रेड एक म्हणजे राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वास्तू. तिथे इमारतीचं आयुष्य वाढवण्यासाठी लागेल तेवढाच हस्तक्षेप, बाहेरूनही आणि आतूनही. ग्रेड दोनमध्ये आतले बदल आणि नवा वापर साधारण मान्य होतो, पण कडक तपासणी करून. ग्रेड तीन म्हणजे रस्त्याचा, पेठेचा चेहरा ज्या घरांनी घडतो ती घरं. तिथे बरीच मोकळीक असते. आमचा वाडा ग्रेड तीन. त्यामुळे पुढे जे लिहिते ते या ग्रेडच्या अनुभवावरून. ग्रेड एकवाल्यांनी यातली मोकळीक आपल्याला लागू आहे असं समजू नये.

दुसरी चौकशी अंतराची. शनिवारवाडा आणि पाताळेश्वर ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारकं. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, असं १९५८ च्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीने ठरलंय. शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही, दुरुस्ती होते, पण त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. हेरिटेज समितीची परवानगी मिळाली म्हणून ही सुटत नाही. शनिवार पेठेतल्या आणि कसब्यातल्या लोकांनी अंतर आधी मोजून घ्यावं, मग बाकीच्या गोष्टी.

सह्या

वाड्याचं घोडं बहुतेक वेळा समितीपाशी अडत नाही, घरातच अडतं. सिटी सर्व्हे ऑफिसातून मालमत्ता पत्रक काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ती बघा. पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचं नाव अजून वर असेल तर वारस नोंद आधी. सगळ्या सहमालकांच्या सह्या लागतात, आणि परदेशातल्या पुतण्याचं कुलमुखत्यारपत्र यायला वेळ लागतो, म्हणून त्याला पहिल्याच आठवड्यात फोन करा.

भाडेकरू असतील तर त्यांच्याशी लेखी करा. कोणती खोली किती काळ रिकामी लागेल, तोवर त्यांनी कुठे राहायचं, काम झाल्यावर तेवढीच जागा परत मिळेल, हे सगळं कागदावर. आमच्याकडे एक काका तीन पिढ्यांपासून राहतात. "एकदा बाहेर पडलो की संपलं" ही त्यांची भीती खोटी नव्हती, कारण आसपास तसंच झालेलं त्यांनी पाहिलं होतं. करार हातात पडल्यावर त्यांनीच पुढे कामावर देखरेख केली, आणि सुताराला त्यांचा जितका धाक होता तितका माझा नव्हता.

पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक घरांना कलम २६४ ची नोटीस लावते. ती आली की घाबरून जाऊ नका, पण कपाटातही ठेवू नका. नोटिशीत काय करायला सांगितलंय ते शब्द न् शब्द वाचा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल जोडून लेखी उत्तर द्या. यादीतलं घर आहे, दुरुस्तीचा प्रस्ताव दाखल करतोय, तोवर अमुक ठिकाणी टेकू दिलेत, असं त्यात यायला हवं. पाडायचंच ठरवलं तर यादीतल्या घरासाठी ती वाट लांबची आहे. पाडण्याआधी किंवा मोठे फेरफार करण्याआधी लोकांच्या हरकती-सूचनाही मागवल्या जाऊ शकतात.

घर मोजा, आणि नीट मोजा

आर्किटेक्ट निवडताना एकच प्रश्न विचारा: चुन्यातलं काम केलंय का, आणि ते आता कुठे बघायला मिळेल? जुन्या घरांच्या जतनाचं काम करणारे वेगळे आर्किटेक्ट असतात. नव्या इमारतींचे नकाशे झटपट पास करून आणणारा माणूस इथे फारसा उपयोगी नाही. त्याला वाड्यात फक्त "जुनं स्ट्रक्चर" दिसतं.

मोजणीला वेळ द्या. प्रत्येक मजल्याचा आराखडा, निदान दोन छेद, रस्त्याकडचा दर्शनी भाग आणि चौकाच्या चारही बाजू. शिवाय दिंडी दरवाजा, एखादा खांब, कठडा, महिरप यांचे मोठ्या प्रमाणातले तपशील. वाड्यात काटकोन नसतो. आमच्या ओसरीचा एक खण दुसऱ्यापेक्षा वीतभर लहान निघाला. खोली चौकोनी धरून काढलेला नकाशा समितीतला जाणता माणूस पहिल्या मिनिटात ओळखतो. म्हणून प्रत्येक खोलीचे कर्णही मोजायचे.

मग त्याच नकाशांवर दुखणी मांडायची. कुठे ओल, कुठे लोणा (भिंतीवर फुटणारे क्षार), कुठे वाळवी, कुठे भिंतीला पोट सुटलंय, कोणती तुळई वाकलीय, कुठे मागच्या पिढ्यांनी सिमेंट फासलंय, हे रंगीत पेन्सिलीने. हे काम घरच्या माणसाने आर्किटेक्टबरोबर फिरून करावं, कारण कोणत्या खोलीत कधी गळलं हे घरच्यांनाच आठवतं. आमच्याकडे खालच्या मजल्यावर कमरेच्या वरपर्यंत सगळीकडे वेगळा गिलावा होता. सासूबाईंनी सांगितलं, हे पानशेतच्या पुराचं. १२ जुलै १९६१ ला नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, आणि ते ओसरल्यावर ज्यांची घरं उभी राहिली त्यांनी मिळेल त्या सिमेंटने भिंती लिंपल्या. लोण्याचं मूळ तिथे होतं. वास्तुशास्त्रवाल्यांनी सांगितलेल्या ईशान्येच्या दोषाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

फोटो भरपूर काढा, पण प्रत्येकाला नकाशावरचा क्रमांक द्या. शेजारच्या दोन्ही घरांसह रस्त्याचा एक सलग फोटो हवाच. ग्रेड तीनच्या घरात समितीचं लक्ष सगळ्यात जास्त असतं ते रस्त्यावरून घर कसं दिसतं याकडे. घरातले लग्नामुंजीचे जुने फोटो बाहेर काढा. फोटोत नवरदेवाच्या मागे जो कठडा दिसतो तो पुरावा असतो. आमच्या गायब झालेल्या लाकडी गजांची जाडी आणि अंतर आम्हाला एका मुंजीच्या फोटोवरून मिळालं, आणि ते गज पुन्हा बसवायला समितीने लगेच होकार दिला. नुसत्या "पूर्वी इथे नक्षी होती" या आठवणीवर नवी नक्षी करायला मात्र परवानगी मिळत नाही, आणि मिळूही नये.

या काळात विश्रामबागवाडा आणि नानावाडा बघून या. विश्रामबागवाडा १८०७ चा, दुसऱ्या बाजीरावाचा. रस्त्याकडचे सुरुदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे, खांब आणि लाकडी दर्शनी भाग सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण जवळ जाऊन जुन्या लाकडाला नवं कुठे जोडलंय ते कुणी बघत नाही. तेच बघायचं. नानावाड्यातला कडीपाटही, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्यांचं छत, मान वर करून नीट पाहा. मिस्त्रीला आणि सुताराला बरोबर न्या. माझं मत असं, की दहा पानी अहवालापेक्षा ही एक फेरी त्यांना जास्त शिकवते.

समितीपुढे

प्रस्तावात सध्याची स्थिती आणि प्रस्तावित काम वेगवेगळं दाखवायचं. पाडायचं ते पिवळं, नवं ते लाल, ही नेहमीची पद्धत. लाल रंग जितका कमी, तितकी चर्चा सोपी. सोबत वाड्याचं महत्त्व सांगणारी दोन पानं: साधारण काळ, बांधणीची पद्धत, कोणते भाग मूळचे आहेत, कोणते नंतरचे. यात घराण्याची थोरवी नको. पेशव्यांचं कुणी आपल्या ओसरीवर जेवून गेलं, ही कथा कागद नसेल तर घरातच ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं टिपण कामाच्या पद्धतीचं, आणि नेमकं तेच लोक उरकून टाकतात. "छताची दुरुस्ती करणे" असं लिहू नका. मंगलोरी कौलं उतरवून चांगली तेवढी परत वापरणार, कुजलेले वासे बदलणार, बाकीचे ठेवणार, नवं लाकूड सागवानच असेल, पत्रा घालणार नाही, असं लिहा. "भिंतींना गिलावा" याच्या जागी: सिमेंट हाताने काढणार, चुन्याचा गिलावा एवढ्या थरांत करणार, आधी एक चौरस मीटरचा नमुना दाखवणार. समितीत आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, इतिहासाचे जाणकार अशी मंडळी असतात. "योग्य त्या साहित्याने" या शब्दांना ती भुलत नाहीत.

मतभेद कुठे होतात तेही सांगते. रस्त्याकडच्या लाकडी खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या मागितल्यात तर नकार धरून चाला. तळमजल्यावर दुकानाचं शटर, दर्शनी भागावर एसीची बाहेरची पेटी, गच्चीवर पत्र्याची शेड, तेच. याउलट मागच्या बाजूला न्हाणीघर, आत नवा जिना, आधुनिक स्वयंपाकघर यावर फारशी खळखळ होत नाही, पण ते पुढेमागे काढून टाकलं तर मूळ घराला इजा होऊ नये, एवढी अट पाळायची. एसीची पेटी आम्ही मागच्या बोळात नेली. पाइप लांबला, थोडा खर्च वाढला, विषय संपला.

समितीने शंका काढली की तिला मुद्देसूद, लेखी, फोटोसह उत्तर द्या. ओळखीच्या नगरसेवकाला मध्ये घालू नका. आमच्या दिरांची तशी फार इच्छा होती. सदस्य पाहणीला आले तर जे दाखवायला लाज वाटते ते आधी दाखवा.

हेरिटेजचा हिरवा कंदील आणि बांधकाम परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा आदेश हातात पडेपर्यंत कुदळ मारू नका. छत कोसळण्याच्या बेतात असेल तर टेकू मात्र जरूर द्या आणि दिल्याचं पत्र त्याच दिवशी आवक-जावक विभागात देऊन पोच घ्या. वेळेचा हिशेब असा करा, की प्रस्ताव उन्हाळ्यात गेला तर दसरा-दिवाळीनंतर काम सुरू होतं आणि पुढचा पाऊस येण्याआधी छत झाकलेलं असतं. जानेवारीत अर्ज करून मार्चमध्ये कौलं उतरवायची स्वप्नं पाहू नका.

पैशाबद्दल थोडक्यात. यादीतल्या घराच्या बांधकाम हक्कावर मर्यादा येते तिच्या बदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क) देण्याची तरतूद नियमांत आहे. त्याबद्दल आर्किटेक्टला विचारा, पण तो पैसा हातात आहे असं धरून बयाणा देऊ नका.

काम: आधी पाणी, मग लाकूड, मग भिंती

क्रम उलटा केला की सगळं वाया जातं. छत आणि पन्हळी आधी. चौकातलं पाणी कुठे जातं ते बघा. बहुतेक वाड्यांत चौकाची मूळची दगडी मोरी कधीतरी फरशीखाली गाडली गेलेली असते आणि पाणी जोत्यात मुरत राहतं. आमच्याकडे दोन थर शहाबादी फरशी उचलल्यावर मूळ मोरी सापडली, नुसती गाळाने भरलेली. ती साफ केल्यावर पुढच्याच पावसाळ्यात माजघराच्या भिंतीची ओल हातभर खाली आली. औषध, रसायन काही नाही.

लाकडाची परीक्षा डोळ्यांनी होत नाही, कारण ऑइलपेंटचे थर सगळं झाकतात. लाकडी हातोडीने ठोकत जायचं. भरीव लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं पोकळ बोलतं. शंका आली तर बारीक गिरमिटाने भोक पाडून भुसा बघायचा. कोरडा, पिवळसर, सागाचा वास असलेला भुसा आला तर आत लाकूड शाबूत. मातकट, ओलसर पीठ आलं तर गेलंय. बहुतेक तुळया मधे ठणठणीत असतात आणि भिंतीत गेलेलं टोक तेवढं कुजतं, कारण तिथे ओल आणि कोंडलेली हवा दोन्ही असतात.

अशा वेळी ठेकेदार म्हणतो, "ताई, काढून टाका, आय-बीम टाकू." ऐकू नका. हातभर टोकासाठी दोन खणांची तुळई फेकायची कशाला? आमच्या सुताराने केलं ते असं. तुळईखाली धिरे, म्हणजे टेकू, लावले, आणि ते वरच्या मजल्याच्या पाटावर न टेकवता त्याखाली पुन्हा धिरे देत थेट जोत्यापर्यंत भार उतरवला. हे फार महत्त्वाचं, नाहीतर वरचं वाचवताना खालचा कडीपाट बसतो. मग टोकाभोवतीच्या विटा मोकळ्या केल्या, कुजका भाग कापून निरोगी लाकूड लागेपर्यंत मागे आला, आणि जुन्या सागाचा तुकडा लांब तिरका सांधा करून बोल्टने जोडला. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या दुपटीहून जास्त ठेवली, आणि ती इंजिनिअरकडून तपासून घेतली. पुन्हा भिंतीत बसवताना टोकाभोवती बोटभर मोकळी जागा सोडली. ती फट सिमेंटने बुजवायला एखादा गवंडी टपलेलाच असतो. त्याच्याजवळ उभं राहायचं.

जुनं सागवान पाडलेल्या वाड्यांचं, वखारीत मिळतं. मुरलेलं असल्याने ते नंतर पिळवटत नाही. घेताना खिळे बघा, करवतीचं पातं जातं. वाळवीचा उपाय जमिनीकडून करायचा. जोत्यालगत औषध टोचून घ्या, अस्तित्वातल्या इमारतींसाठी आयएस ६३१३ च्या तिसऱ्या भागात त्याची पद्धत दिलेली आहे. नुसतं लाकडाला औषध फासून ती थांबत नाही.

वरच्या मजल्याचं ओझं उतरवणं हे न दिसणारं पण मोठं काम. कडीपाटावर मूळचा मातीचा थर, त्यावर कोबा, त्यावर फरशी, त्यावर आणखी कुणाच्या तरी लग्नाच्या वेळची टाइल, असं साठत गेलेलं असतं. कड्या वाकल्या त्या वयाने कमी आणि या भाराने जास्त. आम्ही थर मोजून नकाशात दाखवले आणि वरचे काढण्याची परवानगी मागितली, ती मिळाली.

आता भिंती. सिमेंटचा गिलावा विटेपेक्षा कठीण आणि हवाबंद असतो. चुन्यात बांधलेल्या भिंतीत जमिनीतून ओल चढतेच, आणि ती चुन्यातून वाळून जाते. वर सिमेंट असलं की भिंत उन्हात रेनकोट घालून बसवल्यासारखी होते. आतलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं, बरोबर क्षार आणतं, ते विटेच्या पृष्ठभागाशी स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचं पीठ होतं. भिंतीवरून हात फिरवला की बोटांना लाल भुकटी आणि पांढरी साय लागते, तो लोणा.

सिमेंट काढायचं छिन्नी-हातोडीनेच. ब्रेकर लावलात तर गिलाव्याबरोबर विटेचा चेहराही निघून येतो. मग भिंत उघडी ठेवून वाळू द्या, जमलं तर एक अख्खा उन्हाळा. क्षार जास्त असतील तर कागदाचा ओला लगदा जाडसर थापून ठेवायचा. तो वाळताना क्षार ओढून घेतो. सुकला की काढून टाकायचा, पुन्हा नवा थापायचा. पोरांना हे काम फार आवडतं, सुट्टीत लावून द्या.

चुना कळीचा घ्या आणि जागेवरच विझवा. चुनकळी पाण्यात पडली की अक्षरशः उकळी फुटते, तेव्हा डोळ्यांना चष्मा आणि मुलं लांब, यात तडजोड नाही. विझलेला चुना गाळून टाकीत पाण्याखाली निदान काही आठवडे मुरू द्यायचा, जितका जास्त तितका बरा. आमच्या मिस्त्रीने एक भाग चुना आणि वाळू आणि सुरखी (विटेची पूड) मिळून अडीच भाग असं धरलं, पण हे प्रमाण तुमच्या वाळूवर अवलंबून आहे. म्हणून वेगवेगळ्या प्रमाणांचे नमुने एकाच भिंतीवर करून महिन्याभराने नखाने खरवडून बघा. सुरखी बेताने भाजलेल्या विटेची हवी. फार भाजलेल्या काळ्या विटेची पूड चुन्याला साथ देत नाही. गूळ, हिरडा, बेलफळ यांचं पाणी घालायची मिस्त्रीची परंपरा असेल तर घालू दे. पण चुना मुरलेला नसेल तर गुळाने काही होत नाही.

थर पातळ, बोटभरापेक्षा कमी, आणि आधीचा घट्ट झाल्याशिवाय पुढचा नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो, त्याला घाई चालत नाही. ओलं गोणपाट लावून ऊन आणि वारा अडवायचा आणि निदान आठवडाभर पाणी शिंपत राहायचं. पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक भेगा आल्या तर तो चटकन वाळला, एवढाच अर्थ. थापीने पुन्हा दाबून घ्यायचा.

भिंतीला पोट सुटलं असेल तर गिलाव्याकडे वळूच नका. दगडमातीच्या जाड भिंतीत आतली आणि बाहेरची फळी, म्हणजे दगडांचा थर, एकमेकींपासून सुटते, मधे भर असते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात अशा भिंतींनी किती माणसं गाडली ते आपण पाहिलंय. दोन्ही फळ्यांना आरपार बांधणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसवावे लागतात, किंवा तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधावा लागतो. कुठला उपाय, हे इंजिनिअर ठरवेल, मिस्त्री नाही आणि तुम्हीही नाही.

न्हाणीघर आणि संडास कधीही कडीपाटावर घेऊ नका. परसाच्या बाजूला, जोत्यावर, खाली माती असेल तिथेच. वरच्या मजल्यावर पाहिजेच असा घरात हट्ट झाला तर जो हट्ट करेल त्याची खोली बरोबर खाली ठेवा. वायरी भिंत खोदून नेण्यापेक्षा लाकडी पट्टीतून वरून न्या, आणि सगळ्या नव्या घाला. लाकडी घरात जुनी कापडी वायर ठेवून वर नक्षीकामाला पॉलिश करणारे लोक मी पाहिलेत.

ऑइलपेंट काढताना धूळ नाकात जाऊ देऊ नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं. ओलं करून खरवडा. वाळूचा फवारा मुळीच नको, लाकडात कोरलेल्या केळफुलांच्या पाकळ्या बोथट होतात. नंतर जवसाचं तेल पातळ हात देऊन.

मधेच काही वेगळं निघालं तर

निघतंच. गिलाव्यामागे बुजवलेला कोनाडा, चित्राचा तुकडा, माहीत नसलेलं बळद (भिंतीतली धान्य साठवायची जागा). काम तिथल्या तिथे थांबवा, फोटो काढा, आर्किटेक्टकडून समितीला पत्र द्या आणि दुसऱ्या खोलीत काम चालू ठेवा. मंजूर नकाशापेक्षा वेगळं काही करायचं असेल तरी हाच मार्ग. आमच्या कोनाड्याचं उत्तर येईपर्यंत थोडं थांबावं लागलं, पण सुधारित नकाशा मंजूर असल्याने शेवटच्या पाहणीला कुणी बोट ठेवलं नाही. रोजची नोंदवही ठेवा: तारीख, कुठे काम, कोणतं साहित्य, कुणी केलं. मला ती सवय नोकरीतली. काम पुरं झाल्याचा अहवाल त्या वहीवरून आर्किटेक्टने बसल्या बैठकीत लिहिला.

दरवर्षी मृगाआधी कौलं चाळून घ्या, पन्हळी आणि चौकातली मोरी साफ करा, तुळयांच्या टोकांशी पुन्हा एकदा हातोडी वाजवा. एवढ्या देखभालीलाही परवानगी लागेल का, ही शंका असेल तर हेरिटेज विभागात लेखी विचारून ठेवा आणि उत्तर फायलीला लावा. उरलेला चुना फेकू नका. झाकणाच्या पिंपात वर चार बोटं पाणी ठेवून तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि गिलाव्याची खपली निघाली की गवंड्याला सिमेंटची पिशवी घेऊन यायला निमित्त उरत नाही.